मातीचा केसपेपर

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला, आर्वी, आष्टी किंवा कारंजा भागात, एखाद्या टेकडीच्या माथ्यावरून खाली नाल्यापर्यंत चालत या. अंतर जेमतेम किलोमीटरभर. पण तेवढ्यात पायाखालची जमीन तीनदा बदलते. माथ्यावर वीतभर उकरले की मुरूम लागतो. मधल्या उतारावर हात-दीड हात तपकिरी माती आणि तिच्यात चुनखडीचे खडे. खाली नाल्याकाठी खोल काळी, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, ते बरडी, खरडी, मोरंड, काळी अशी नावे सांगतील. वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा इंग्रजांनी शेतसारा ठरवताना जमिनीचे वर्ग याच नावांनी पाडले होते. म्हणजे जमिनीची नोंद ठेवण्याची गरज आपल्याकडे नवी नाही.

आता ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवड्यांची दडी मारली असे समजा. खोल काळ्या मातीत दर मीटर खोलीमागे पिकाला वापरता येणारे पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर असते. फुलांवर आलेली कपाशी दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी पिते. नाल्याकाठची कपाशी महिनाभर तग धरते. माथ्यावरची, वीतभर मातीतली, आठवड्यातच माना टाकते. गाव एक, पाऊस एक, बियाणे एक, पण एका घरात दिवाळी आणि दुसऱ्या घरात कर्जाचे पुनर्गठन. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यात वर्धा होता, हे वाचकांना आठवत असेल. त्या संकटाची कारणे अनेक होती. त्यांतले एक कारण पायाखाली होते आणि ते शेताशेतांत वेगळे होते.

हा फरक नकाशावर शेताच्या पातळीपर्यंत दाखवण्याचा जो प्रयत्न सध्या जगभर चालू आहे त्याला डिजिटल मृदा नकाशा म्हणतात. आरोग्याच्या सदरात, आणि तेही एका डॉक्टरने, मातीवर का लिहावे? एक कारण असे की माती, अन्न आणि शरीर यांचे नाते आहे. त्याकडे पुढे येतोच. दुसरे कारण असे की या कामातला सगळ्यात अवघड भाग संगणकाचा नाही, नोंदींचा आहे. आणि नोंदी नीट नसल्या की काय होते हे सरकारी दवाखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते.

अंदाज बांधायचा, पण कशावरून?

मातीचा नकाशा म्हटले की आपल्याला वाटते, सगळीकडची माती तपासून तो रंगवला असेल. तसे कधीच होत नाही. वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जमिनीत दर शंभर पावलांवर खड्डा खणणे कोणालाही शक्य नाही. मोजमाप मोजक्या ठिकाणीच होते. बाकीच्या जागी अंदाज बांधावा लागतो.

हा अंदाज हवेतला नसतो. माती कशामुळे घडते हे शास्त्राला माहीत आहे. हान्स जेनी या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये त्याची मांडणी केली: हवामान, सजीव, चढ-उतार, मूळ खडक आणि काळ. आपल्याकडे खडक बहुतेक ठिकाणी एकच, दख्खनचा काळा बसाल्ट. त्यामुळे फरक पडतो तो मुख्यतः चढ-उताराने. पाणी माथ्यावरची बारीक माती धुऊन खाली नेते आणि नाल्याकाठी साठवते. म्हणजे जमिनीची उंची आणि उतार कळला, तर मातीच्या खोलीबद्दल बरेच काही कळते.

उंची आता अवकाशातून मोजलेली मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने रडार वापरून पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरच्या बारकाईने जमिनीचे चित्र देतात. आपल्याकडे कपाशीची उलंगवाडी झाल्यापासून पेरणीपर्यंत शेते उघडी असतात. त्या दिवसांतल्या उपग्रहचित्रांत काळी आणि बरडी यांचा रंग वेगळा दिसतो.

मग संगणकाला दोन गोष्टी द्यायच्या. एक, जिथे खरोखर माती तपासली ती ठिकाणे. दोन, सगळ्या जिल्ह्याची उंची, उतार, पाऊस, उपग्रहचित्रे. तपासलेल्या ठिकाणी उतार आणि माती यांचे नाते कसे आहे हे संगणक शिकतो आणि न तपासलेल्या ठिकाणी ते लावून बघतो. डॉक्टरही हेच करतो. प्रत्येक रुग्णाची प्रत्येक तपासणी आपण करत नाही. वय, काम, लक्षणे, नाडी बघून अंदाज बांधतो, कारण आधी तपासलेल्या हजारो रुग्णांचा अनुभव पाठीशी असतो. तो अनुभवच चुकीच्या नोंदींवर उभा असेल, तर अंदाजही चुकणार.

आपल्या हाती आज काय आहे?

या बाबतीत वर्धा नशीबवान आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही देशातली या विषयाची मुख्य संस्था शेजारी नागपुरात आहे, १९७६ पासून. या संस्थेने १९८६ मध्ये राज्याराज्यांचे मृदा नकाशे करायला घेतले. त्यासाठी दर दहा किलोमीटरवर मातीची तपासणी ठरवली गेली. त्या हिशेबाने आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला साठ-पासष्ट ठिकाणे येतात. नकाशाचे प्रमाण होते एकास अडीच लाख, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. देशाच्या नियोजनाला ते पुरेसे होते. पण त्या एका सेंटिमीटरात आपली अख्खी टेकडी, माथा ते नाला, गुडूप होते. म्हणून संस्थेने पुढे एकास दहा हजार प्रमाणावर काम हाती घेतले. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर.

दुसरा साठा मृदा आरोग्य पत्रिकांचा. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड इथे सुरू झाली. पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू म्हणजे पीएच, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे आणि बोरॉन. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे ओलिताखाली अडीच हेक्टरांत एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांत एक नमुना घ्यायचा होता. दहा हेक्टर म्हणजे जवळपास पंचवीस एकर. तेवढ्यात अनेक शेतकऱ्यांची शेते येतात, आणि टेकडीच्या बाजूला असेल तर दोन-तीन प्रकारची मातीही येते.

त्या बारा गोष्टी पुन्हा वाचा. त्यात मातीची खोली नाही. जी गोष्ट ऑगस्टमध्ये पीक जगवते किंवा मारते, तीच पत्रिकेत नाही. तशी ती असणारही नाही, कारण पत्रिकेचा हेतू खताची शिफारस हा आहे. पण पाण्याचा हिशेब करायचा तर खोली आणि पोत लागतोच. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात आणि ज्यात वर्धाही आहे, मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. पडलेल्या पावसातले किती वाहून गेले, किती मातीत राहिले, पिकाला किती कमी पडले, हे ती पद्धत सांगते. तिच्या मुळाशी मातीची खोली आणि पोत यांचा नकाशा आहे. तो जिथे चुकेल, तिथे शेततळ्याचा हिशेबही चुकेल.

नमुना घेणे: पहिली पायरी, पहिली चूक

रक्ताच्या तपासणीत होणाऱ्या चुकांपैकी मोठा भाग यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होतो. चुकीच्या नळीत रक्त, उशिरा पोचलेला नमुना, नावाच्या चिठ्ठीची अदलाबदल. मातीचेही तसेच आहे.

खत शिफारशीसाठीचा नमुना घ्यायची रीत सोपी आहे. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडायच्या. इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, साधारण वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. सगळी एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे करत अर्धा किलो उरवायची. सावलीत वाळवायची. बांध, झाडाखालची जागा, विहिरीचा काठ, शेणखताचा ढीग जिथे होता ती जागा टाळायची. जस्त आणि लोह तपासायचे असेल तर गंजलेले फावडे किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरायची नाही. नाहीतर शेतातले जस्त मोजण्याऐवजी बादलीतले मोजले जाते.

नकाशासाठी मात्र वरची वीतभर माती पुरत नाही. त्याला दीड मीटर किंवा खडक लागेपर्यंत खड्डा खणावा लागतो. त्याच्या उभ्या भिंतीवर थर दिसतात. प्रत्येक थराची खोली, रंग, पोत, चुनखडी यांची नोंद होते. रंग ‘मन्सेल’ नावाच्या रंगपुस्तिकेशी ताडून लिहितात, म्हणजे एकाचा काळा दुसऱ्याचा तपकिरी होत नाही. चुना आहे का हे बघायला सौम्य आम्लाचे थेंब टाकतात. फेस आला की चुना. आंतरराष्ट्रीय पद्धतीत डिजिटल नकाशे सहा खोल्यांसाठी करतात: ० ते ५, ५ ते १५, १५ ते ३०, ३० ते ६०, ६० ते १०० आणि १०० ते २०० सेंटिमीटर. म्हणून ‘सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के’ एवढेच लिहून भागत नाही. कुठल्या खोलीवरचा, हे सोबत हवे. ‘साखर १८०’ असे कोणी सांगितले तर डॉक्टर आधी विचारतो, उपाशीपोटी की जेवल्यावर?

शेत गेले उत्तर ध्रुवाकडे

नमुन्याची जागा आता मोबाइलवर अक्षांश-रेखांशांत लिहिली जाते. वर्धा शहर साधारण २०.७ उत्तर अक्षांश आणि ७८.६ पूर्व रेखांशावर आहे. घाईत हे दोन आकडे उलटे भरले, म्हणजे ७८.६ उत्तर आणि २०.७ पूर्व, तर शेत थेट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी, आर्क्टिक समुद्रात जाते. ही चूक नकाशा उघडताच दिसते, म्हणून ती बरी. न दिसणाऱ्या चुका जास्त महाग पडतात.

अंश आणि मिनिटांचा घोळ घ्या. २० अंश ४५ मिनिटे म्हणजे दशांशात २०.७५, कारण एका अंशात साठ मिनिटे असतात. कोणी ते सरळ २०.४५ असे लिहिले, तर शेत सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. तिथेही शेतेच असतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. किंवा दशांशाचे दोनच आकडे लिहिले, तर जागा एक किलोमीटरच्या आत कुठेही असू शकते. चार आकडे लिहिले तर अकरा मीटरच्या आत येते. आपल्या टेकडीवर एक किलोमीटर म्हणजे बरडीपासून काळीपर्यंतचे अंतर. उंचीचा आकडा माथ्याचा आणि माती नाल्याकाठची अशी जोडी संगणकाला दिली, की तो मुकाट्याने चुकीचे नाते शिकतो.

आकडा तोच, अर्थ वेगळा

रक्तातली साखर आपण मिलिग्रॅममध्ये सांगतो. इंग्लंडमध्ये ती मिलिमोलमध्ये सांगतात. तिथला दहा म्हणजे आपला १८०. परिमाण न लिहिता ‘दहा’ एवढेच कळवले तर आपला डॉक्टर घाबरून ग्लुकोज लावेल. मातीत असे सापळे बरेच आहेत. स्फुरद कोणी मूलद्रव्य म्हणून लिहितो, कोणी खताच्या पोत्यावर असतो तसा ऑक्साइड म्हणून, दोन्हींत २.२९ पटींचा फरक पडतो. सेंद्रिय कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ यांत १.७२ पटींचा. कोणी हेक्टरी किलोत लिहितो, कोणी दशलक्षांश भागांत.

पद्धतीचेही तसेच. सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक ही पद्धत १९३४ पासून वापरात आहे आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आजही तिचाच वापर जास्त. ती मातीतल्या कर्बाचा साधारण तीन चतुर्थांश भागच पकडते, म्हणून आकडा गुणून वाढवावा लागतो. माती भट्टीत जाळून मोजणारे यंत्र सगळा कर्ब पकडते, आणि त्याबरोबर आपल्या चुनखडीच्या जमिनीतल्या चुन्यातला कर्बही पकडते. तो आधी वेगळा काढावा लागतो. दोन पद्धतींचे आकडे एकाच रकान्यात मिसळले आणि पद्धत लिहून ठेवली नाही, तर मातीत काहीही न बदलता नकाशावर कर्ब वाढलेला दिसतो. कोणी त्याचे श्रेय घेईल, कोणी त्यावर अनुदान ठरवेल.

म्हणून मी याला मातीचा केसपेपर म्हणतो. सरकारी दवाखान्यात केसपेपरवर रिपोर्टच्या आकड्याआधी नाव, वय, गाव, तारीख, वेळ असते. मातीच्या प्रत्येक आकड्यालाही तसा केसपेपर हवा: नमुन्याचा स्वतंत्र क्रमांक, जागा आणि ती कशी मोजली, तारीख, खोली वरून किती ते खाली किती, आधीचे पीक, कोणी घेतला, कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या पद्धतीने, कुठल्या परिमाणात. मूळ आकडा खोडायचा नाही. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, दुरुस्त करणाऱ्याच्या नावानिशी. ‘तपासले नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागी शून्य भरायचे नाही.

ओपीडीत येणारे म्हणजे जिल्हा नव्हे

माझ्या बाह्यरुग्ण विभागातले रुग्ण मोजून कोणी जिल्ह्यात किती आजार आहे हे ठरवले, तर ते चुकेल. जवळचे लोक जास्त येतात, बस असलेल्या गावचे जास्त येतात, दूरचे आणि गरीब कमी येतात. मातीचे नमुने रस्त्यालगत गोळा झाले की हेच होते. नमुने ओलिताच्या, भारी जमिनीच्या भागातून भरपूर येतात आणि टेकडीवरच्या बरडीतून मोजके. मग संगणकाला बरडी ओळखताच येत नाही, आणि सगळ्यात अडचणीतल्या शेतकऱ्याचे शेत नकाशावर सगळ्यात चुकीचे उमटते.

यावर उपाय आहे. खड्डे कुठे खणायचे हे आधी घरी बसूनच ठरवता येते. उंची, उतार, पाऊस आणि उपग्रहचित्रे यांच्या मदतीने जिल्ह्याचे वेगवेगळे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक प्रकारच्या तुकड्याला नमुन्यांत वाटा द्यायचा. मग शंभर खड्डे नीट वाटलेले असले, तर ते रस्त्याकडेच्या हजारांपेक्षा जास्त सांगतात.

जुन्या नोंदींनाही वाटा द्यायला हवा. गेल्या अनेक दशकांत सर्वेक्षणांनी, विद्यापीठांनी, धरणांच्या प्रकल्पांनी खणलेल्या खड्ड्यांची वर्णने अहवालांत आणि प्रबंधांत पडून आहेत. त्यात जागा अक्षांशांत नसते. ‘गावाच्या पूर्वेला दोन किलोमीटर, नाल्याच्या डाव्या काठी’ अशी असते. असे एकेक वर्णन वाचून जागा शोधणे, ती किती खात्रीची आहे हे लिहिणे, आकडे एका साच्यात आणणे, हे कंटाळवाणे पण फार मोलाचे काम आहे. तो खड्डा आज पुन्हा खणला तरी त्या काळची माती परत मिळणार नाही. मातीतला कर्ब घटला की वाढला हे कळायचे असेल तर तोच जुना कागद लागेल.

जगाचा मृदा नकाशा करणाऱ्या नेदरलँड्समधल्या ‘इस्रिक’ संस्थेने आपल्या नव्या आवृत्तीत सुमारे २,४०,००० ठिकाणच्या मातीच्या नोंदी वापरल्या. त्यांचा नकाशा अडीचशे मीटरच्या चौकटींचा आहे आणि त्यात आपला जिल्हाही रंगवलेला दिसतो. पण ज्या देशाने स्वतःच्या नोंदी नीट लावून खुल्या केल्या नाहीत, त्याच्या जमिनीचा अंदाज संगणक दुसरीकडच्या खड्ड्यांवरून बांधतो.

नकाशाने ‘खात्री नाही’ म्हणायला शिकावे

चांगल्या डिजिटल नकाशासोबत दुसरा नकाशा असतो: कुठे किती खात्री आहे याचा. इथली माती ९० सेंटिमीटर खोल, आणि खरी खोली ८० ते १०० च्या दरम्यान, असे एका जागी सांगता येते. दुसऱ्या जागी तेच ९० पण दरम्यान ३० ते १५०, म्हणजे प्रत्यक्ष खणून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मोबाइलवर रंगीत नकाशा दिसला की तो खराच वाटतो. म्हणून हा दुसरा नकाशा त्याच्यापासून कधीच तोडायचा नाही.

कारंजा-आष्टीकडच्या संत्रा बागायतदारांसाठी हा विषय कागदी नाही. संत्र्याचे झाड फळावर यायला पाचेक वर्षे लागतात. निचरा न होणारी, चुन्याने भरलेली जमीन निवडली गेली, तर पाने पिवळी पडायला आणि मुळे सडायला लागतात ती पैसा आणि वर्षे घालवल्यावर. सोयाबीन चुकले तर पुढच्या हंगामात सुधारते; बाग चुकली तर एका पिढीची गुंतवणूक जाते. लागवडीआधी खोल खड्डा खणून बघायचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

माती, धान्य आणि शरीर

आता आरोग्याकडे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघर होता. डोंगरातल्या मातीतून आयोडीन धुऊन गेलेले, म्हणून पाण्यात आणि धान्यात ते कमी. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तिथे प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एकाला साधे. काही वर्षांत आयोडीनच्या भागांत गलगंड स्पष्टपणे कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ या वाटेने आले. मातीत काय कमी आहे आणि कुठे, हे कळल्यावर लाखो मुलांचे भले झाले.

आता तोच प्रश्न जस्ताचा आहे. मुलाला जुलाब झाले की ओआरएससोबत आम्ही चौदा दिवस झिंकची गोळी देतो; जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची ही २००४ पासूनची शिफारस आहे. वाढ आणि रोगप्रतिकारशक्ती यांना जस्त लागते. देशभरातल्या मातीच्या नमुन्यांत एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी जस्ताची कमतरता सापडली आहे, आणि आपल्यासारख्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या काळ्या जमिनीत असलेले जस्तही पिकाला सहज मिळत नाही. इथिओपिया आणि मलावी या देशांत शास्त्रज्ञांनी शेतोशेतीचे धान्य आणि माती तपासून २०२१ मध्ये दाखवून दिले की धान्यातले जस्त, लोह, सेलेनियम ठिकाणानुसार खूप बदलते. स्वतःच्या शेतातले धान्य खाणाऱ्या कुटुंबाच्या ताटात काय उतरते, हे ते कुठे राहतात यावर अवलंबून होते.

वर्ध्यात हे गणित सरळ लागू होत नाही. आपल्याकडे कपाशी आणि सोयाबीन विकले जाते, आणि रेशनचा गहू-तांदूळ बाहेरून येतो. पण तूर घरची असते, ज्वारी काही घरी अजून घरची असते, परसातली भाजी घरची असते. बालकांच्या वजनाच्या नोंदी अंगणवाडीत आहेत, रक्ताच्या नोंदी दवाखान्यात आहेत, मातीच्या नोंदी कृषी खात्याकडे आहेत. या तिन्ही वह्या गावाच्या एकाच सांकेतिक क्रमांकाने लिहिल्या, तर शेजारी ठेवून वाचता येतील.

वाचताना मात्र एक पथ्य पाळायला हवे. रुग्णाचा रिपोर्ट आम्ही वऱ्हांड्यात लावत नाही. गट क्रमांकासह शेताची माती म्हणजे त्या माणसाची आर्थिक कुंडलीच. जमीन विकत घेणारा, कर्ज देणारा, विमा उतरवणारा, सगळ्यांना तिच्यात रस असणार. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तेव्हा गावाचा नकाशा सगळ्यांसाठी खुला असावा, एकेका शेताची नोंद त्या शेतकऱ्याच्या संमतीनेच पुढे जावी, आणि त्याच्या शेतातून नेलेल्या मातीचा निकाल सगळ्यात आधी त्याच्याच हाती पडावा.

तुम्ही काय करू शकता?

शेत तुमचे असेल तर नमुना घेताना स्वतः हजर राहा. पिशवीच्या आत आणि बाहेर दोन चिठ्ठ्या टाका: नाव, गट क्रमांक, तारीख, खोली, आधीचे पीक, ओलीत की कोरडवाहू. शेत उतारावर असेल तर वरच्या आणि खालच्या भागाचा नमुना वेगळा घ्यायला सांगा. जुनी मृदा आरोग्य पत्रिका फेकू नका. सातबाऱ्यासोबत ठेवा, कारण दोन पत्रिका शेजारी ठेवल्या तरच बदल दिसतो. विहीर, शेततळे किंवा घराचा पाया खणताना किती हातांवर मुरूम लागला हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. ती मातीच्या खोलीची अस्सल नोंद असते, आणि पुढे सर्वेक्षणाला कोणी आले तर ती फार उपयोगी पडते.

शहरात राहणाऱ्यांनी, विशेषतः विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी, येत्या उन्हाळ्यात मुलांना गावच्या टेकडीवरून नाल्यापर्यंत न्यावे. तीन ठिकाणी खड्डा, प्रत्येक ठिकाणी खोली, रंग, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले नाव. बरडी, खरडी, मोरंड, काळी ही नावे अजून ओळखणारी माणसे आहेत. तीही नोंदीच्या एका रकान्यात जायला हवीत.